नकाशात हिरवी राहिलेली जागा

कुडवा गावाच्या टोकाला आईने घरासाठी प्लॉट घेतला, तेव्हा ती जागा कागदावर शेतीची होती. नवा विकास आराखडा येणार, लहान प्लॉटवर स्वस्त घरं बांधायला परवानगी मिळणार, असं सगळे सांगत होते. तोवर आम्ही भाड्याच्या खोलीतच राहणार होतो. पण जमीन पडीक ठेवणं आईला जमत नाही. तिने तिथे पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा लावल्या.

शेजारच्या प्लॉटवाल्या काकू हसायच्या. "घर बांधाले जागा घेतली का शेंगा खाले, बाई?"

"घर होतवरी शेंगा तं खाऊ," म्हणत आई त्यांची पिशवी भरून द्यायची.

एका सकाळी मी एकटीच शेंगा तोडत होते. हातात टॅबलेट धरलेले दोघे जण बाइकवरून आले. आराखड्यासाठी कोणत्या जागेचा काय वापर होतो ते पाहत फिरत होते. एकाने विचारलं, "मॅडम, ये खेती है ना?"

अनोळखी माणसांशी मी विचारलं तेवढंच बोलते. शाळेत इंग्रजी चुकू नये म्हणून एका शब्दात उत्तर द्यायचे, ती सवय राहिली. मी "हो" म्हटलं. घरासाठी घेतली आहे, हे सांगेपर्यंत बाइक सुरू झाली होती.

नकाशा लागला तेव्हा घरांचा पिवळा रंग काकूंच्या प्लॉटपर्यंत येऊन थांबला होता. आमची पट्टी हिरवी, शेतीची. हरकतीचा अर्ज मीच लिहिला. सुनावणीत अधिकारी म्हणाले, "पाहणीत शेती नोंदली आहे. जागेवर विचारूनच नोंदलंय."

"कोणं सांगतलं?" आईने विचारलं.

ते कागद उलटत राहिले. मी माझ्या चपलांकडे पाहत होते.

अर्ज फेटाळला गेला. बाहेर येऊन आई म्हणाली, "त्या शेजारणीनंच सांगतलं असन. सारखी शेंगा शेंगा करत राहे."

गेल्या महिन्यात काकूंच्या घराचा स्लॅब टाकून झाला. आई गेली नाही, मी गेले. बुंदीचा पुडा हातात देत काकूंनी हळूच विचारलं, "तुही आई माह्यासंग काऊन नाही बोलून राहिली?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

पुडा घरी नेता येत नव्हता. आमच्या प्लॉटवर यंदा आईने काहीच पेरलेलं नाही. तिथे उभं राहून मी ती बुंदी संपवली.