पार्टी घर बघायला येणार

समोरच्या फ्लॅटमधल्या मनोरमाबाईंचा जीव त्या दिवशी सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. सोफ्याचं कव्हर काढायच्या, दुसरं घालायच्या, पुन्हा पहिलंच घालायच्या. मध्येच माझी बेल वाजवून विचारायच्या, "पार्टी म्हणजे नक्की काय गं?"

झालं होतं असं. त्यांचा जितेंद्र घरं विकून देणारा एजंट. आदल्या दिवशी गॅलरीत उभा राहून तो फोनवर म्हणाला, "पार्टी तयार आहे. उद्या संध्याकाळी घर बघायला या." एवढं बोलून तो विरारला कामाला निघून गेला, रात्री तिकडेच राहिला, आणि आईच्या डोक्यात भुंगा सोडून गेला.

आता हा शब्द आमच्या एव्हरशाईन सिटीत काय काय होत नाही? पोरं पास झाली की पार्टी मागतात. निवडणुकीला हात जोडून दारात येतो तो अमक्या पार्टीचा. कुणी मोठी गाडी घेतली की वॉचमन म्हणतो, पार्टी भारी आहे. बाईंचे यजमान आत्मारामभाऊ हयात असताना शनिवारी "पार्टी आहे" म्हणाले, की बाई रविवारसाठी लिंबं आणून ठेवायच्या. आणि जितेंद्रच्या धंद्यात तर माणसं नसतातच, नुसत्या पार्ट्या: घेणारी पार्टी, मालक पार्टी, ऐनवेळी फिरलेली पार्टी.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, पण बाईंनी हवं तेवढंच ऐकलं. घर बघायला येतात ते मुलीकडचे! जितेंद्र पस्तिशीला टेकलेला, स्थळं शोधून बाईंचे जोडे झिजलेले. मेल्याने परस्पर जमवलंय आणि सांगायला लाजतोय, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. खरं सांगते, मलाही ते पटलं, कारण मलाही ते खरं व्हायला हवं होतं.

दुपारी त्या लवंडल्या नाहीत. खोबरं किसताना उठून गॅलरीत जायच्या, खाली बघायच्या, परत येऊन विचारायच्या, "घर त्यांना लहान वाटेल का गं?" परळच्या एका खोलीत सासू, दीर, नणंदा यांच्यात त्यांची पहिली वर्षं गेली. इथे आल्या तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचं दार स्वतः आतून लावायला मिळालं. हे त्या इतक्या वेळा सांगतात, की मी आता फक्त मान हलवते.

संध्याकाळी जितेंद्रबरोबर एक गृहस्थ आले, हर्षवर्धन नावाचे, आणि त्यांची मुलगी आर्या. मुलगी चुणचुणीत होती. बाईंनी पोह्यांच्या बशा पुढे केल्या, तर ही उठून स्वयंपाकघरात गेली. बाई माझ्याकडे बघून हसल्या. तेवढ्यात आतून आवाज आला, "पप्पा, ही भिंत पाडली तर हॉल मस्त मोठा होईल."

"लग्नाआधीच?" बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

जितेंद्रचा चेहरा उतरला होता. मला कळलं, ही घेणारी पार्टी होती. हर्षवर्धन पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, "जागा पसंत आहे. पण मालक पार्टीला एकदा भेटवा. सहीला येतील ना ते?"

बाईंनी जितेंद्रकडे बघितलं. तो फरशीकडे बघत म्हणाला, "आई, तुझे गुडघे गेलेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. विरारला टॉवरमध्ये आपल्यासाठी बघितलंय. तुला टेन्शन नको म्हणून आधी बोललो नाही. सगळं ठरलं की सांगणारच होतो."

त्याचं खोटं नव्हतं. पण मला त्याचा संताप आला, कारण आईला न विचारता त्याने तिचं उत्तर देऊन टाकलं होतं.

बाई काही वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग दाराशी गेल्या, कडीला हात लावून आल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा शांत खुर्चीवर बसल्या.

"घर माझ्या नावावर आहे," त्या हर्षवर्धनना म्हणाल्या. "म्हणजे ती पार्टी मी. माझ्या मुलाने तुम्हाला चुकीचं सांगितलं. पार्टी तयार नाही."

आर्या बाहेर येऊन उभी होती. बाईंनी आर्याची बशी तिच्याकडे सरकवली.

"पोहे मात्र संपव हो बाळ. तुझ्यासाठीच केलेत."