बोलत बोलत चालायची सवय

लेकीच्या, प्रेरणाच्या मागे चालणाऱ्या त्या माणसाचा चेहरा जयमालाने पाहिलेला नव्हता, म्हणूनच तो मनातून हलत नव्हता. भाकरी थापताना, तुरीच्या शेंगा सोलताना, तो आपला पोरीच्या मागे चालतच होता.

प्रेरणा पिंपळगाव राजा या गावच्या वावरात, शेतातच वाढलेली. तुरी डोक्याच्या वर गेल्या की आत रानडुकरं बसतात, म्हणून इथल्या बाया धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून मोठमोठ्याने बोलत जातात. आवाज आला की डुक्कर आपली वाट धरतं. प्रेरणा सगळ्यांच्या पुढे. बोलायला कोणी नसलं तर ती पाढे म्हणायची. शेजारच्या सिंधूताई हसायच्या, "या पोरीपायी डुकरंही पाढे शिकून राह्यले."

तीच पोरगी आता पुण्यात, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला आहे. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर खोलीपर्यंतचा रस्ता सुनसान. जयमालानेच पहिल्या आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "उतरली का मले फोन कर. बोलत बोलत घरी जाय." खामगावच्या कॉलेजातून बी.ए. झालेली बाई, पण मनातला हिशेब वावराचाच.

आणि खरं म्हणजे तिला तो फोन हवाच असायचा. दिवसभर घर गप्प. संध्याकाळी डब्यातली भाजी, मैत्रिणींची भांडणं, सगळं कानावर यायचं. चालताना पोरीला लागलेली धापसुद्धा ऐकू यायची, जणू दोघी एकाच धुऱ्यावरून निघाल्यात.

परवा बोलता बोलता मध्येच एका बाईचा आवाज आला, "अगं मुली, मागे कोण आहे बघ." मग नुसती पावलांची धडपड. बऱ्याच वेळाने प्रेरणा बोलली.

"काही नाही आई. इस्त्रीवाल्या काकूंनी हाक मारली. एक जण कधीचा मागे येत होता. मी वळली तसा गल्लीत शिरला."

"अन् तुले समजलं नाही? वावरात तर तुले पान हाललेलं ऐकू ये."

"माझे कान तुझ्याकडे होते न."

ती सहज बोलून गेली. जयमालाच्या मात्र ते काळजात रुतलं. आवाज ऐकून डुक्कर पळतं. माणसाला उलट कळतं, की हिचं लक्ष दुसरीकडे आहे.

प्रेरणा आपणहून हे रस्त्यातले फोन बंद करणार नव्हती. आई मोबाइल मांडीवर घेऊन बसते, हे तिला ठाऊक होतं. काल तिचा फोन आला तेव्हा जयमाला सांगणारच होती. पण पोरगी हसली, आणि सांगायचं राहून गेलं. आजही संध्याकाळी तिचा चालतानाचा आवाज ऐकल्यावर जीभ वळणार नव्हती.

ऊन डोक्यावर आलं होतं. आता तिची जेवणाची सुट्टी असेल. जयमालाने शेंगांची सुपली बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि मोबाइल उचलला. रस्त्यात फोन करू नको, आधी खोलीत जा, कडी लाव, मग बोल. हे आत्ताच सांगून टाकायचं.