खारवलेल्या चान्या

वाळवलेल्या मटणाचा विषय निघाला की विट्याजवळचं ते घर आजही माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सांगली जिल्ह्यात फौजदार होतो. जत्रेत उरलेल्या मटणाच्या चान्या, म्हणजे पातळ पट्ट्या, मीठ लावून उन्हात वाळवायची तिथं पद्धत. त्याच चान्यांचं कालवण खाऊन एक म्हातारी काळीनिळी पडली आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. मग थोरला मुलगा ठाण्यात आला. परराज्यात त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं. "सायेब, धाकट्याच्या बायकूनंच कायतरी घातलं. कालवण तिनं केलं, तिनंच वाढलं, आन् सोता मातूर खाल्लं न्हाई."

धाकटा फौजेत. घरात सासू-सून दोघीच. सुनेला विचारलं तर म्हणाली, "गुरुवारचा उपास हुता माजा." गावाला संशय घ्यायला एवढं पुरलं. तिच्या हातचं पाणी घेणं लोकांनी बंद केलं. अटक करून मोकळे व्हा, असं मला वरून खालून सगळेच सांगत होते. मी म्हटलं, अहवाल येऊ दे, गडबड कसली?

व्हिसेरा, उरलेलं कालवण आणि डब्यातल्या न शिजवलेल्या चान्या सील करून प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या. तिथल्या रसायनतज्ज्ञ बाई फोनवर म्हणाल्या, "विष नायट्राइटचं आहे. दिसायला मिठासारखंच. पण कोरड्या चान्यांतही ते आहे, आणि सोबत नायट्रोसामाइन सापडलंय. नायट्राइट मटणात मुरलं की ते हळूहळू तयार होतं. हे आयत्या वेळी कालवणात टाकलेलं नाही."

म्हणजे ते चान्या वाळवतानाच लागलं होतं. आणि सून तर जत्रेच्या दुसऱ्या दिवशीच माहेरी, रहिमतपूरला गेली होती; चान्या तिच्या माघारी वाळवल्या होत्या. शेजारणींनी तसे जबाब दिले.

मी तिला बोलावून हे सांगितलं. सुटले म्हणून रडेल असं वाटलं होतं. ती मात्र म्हणाली, "मला पयल्यापास्नं शंका हुती, पर बोलले न्हाई. थोरल्या दादांनी जत्रंला सोनं गाळायला वापरत्यात ती पांढरी पुडी दुकानातनं आणली हुती. ह्यानं मटण लाल ऱ्हातं म्हणत हुते. सासूबाईंनी मिठावानी भरपूर लावलं आसंल." मग पदर सावरत म्हणाली, "सायेब, दादांना सांगू नगा. आईवर लय जीव हाय त्यांचा. ते जगायचे न्हाईत."

 पण न सांगून चालणार नव्हतं. थोरल्याला बोलावून अहवाल वाचून दाखवला, पुडीचं विचारलं. "आईला म्हणलं, चान्या कशा लालभडक ऱ्हात्यात बघ," एवढंच तो बोलला आणि व्हरांड्यात जाऊन बसला.

तिथंच बाकावर बसलेली सून उठली. ठाण्याच्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं. "घ्या, दादा." तो तिच्या हाताकडे बघत राहिला. मग पेला घेतला आणि प्याला.

पुढे निष्काळजीपणाचं प्रकरण कोर्टात गेलं, ते रीतीप्रमाणे. नव्या फौजदारांना मात्र मी कायम सांगत आलो: विषाच्या तक्रारीत आधी घरातल्या मिठाचा नमुना घ्या, माणसाला हात नंतर लावा. आणि संशयित काही लपवत असेल, तर तो स्वतःसाठीच लपवतोय असं धरून चालू नका.