बाबांनी आईला पाठवलेले मेल

शेवटच्या दोन वर्षांत बाबा आईशी जे काही बोलले, ते सगळं बाबांनीच डिलीट केलं.

रागानं नाही. शिस्तीनं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. त्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी झोपेतच गेले.

त्याआधी दोन वर्षं घशाचं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्र काढावं लागलं. ज्यांची हाक उधन्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून खालची रिक्षा थांबवायची, ते गप्प झाले.

कान मात्र शाबूत होते.

मी त्यांना मोबाइल घेऊन दिला. बोटं जाड, स्क्रीन एवढीशी. वैतागून परत केला. पाटी आणली तर खुणेनंच विचारलं, मी काय पहिलीत आहे?

मग स्वतःच्या जुन्या डेस्कटॉपसमोर जाऊन बसले. सचिन नावाच्या गावात एका यार्न कंपनीत डिस्पॅचला होते. अख्खी नोकरी मेल पाठवण्यात गेलेली.

आणि बेडरूममधून किचनमध्ये आईला ईमेल करायला लागले.

हसू नका. म्हणजे हसा. आम्हीही हसलोच.

विषय: चहा.
मजकूर: ठेव.
खाली आपोआप येणारी सही: आपला नम्र, आणि पूर्ण नाव.

आई फोनवर वाचायची आणि ओट्यापासूनच ओरडायची, "ठेवस. आनि घरमा कसाले नम्र?"

बाबा लिहायचे ऑफिसची मराठी. आई उत्तर द्यायची तोंडानं, अहिराणीत. असा दोघांचा संसार चालला होता. भांडणंसुद्धा व्हायची. तेव्हा बाबा विषयाच्या जागी "अर्जंट" लिहायचे.

वाचून झालं की आई मेल उडवायची, ओटा पुसावा तसा. काम झालं, आता कशाला ठेवायचा?

बाबा तिच्याहून वरचढ. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा फोल्डर होता. बँक, औषधं, सोसायटी, नंदुरबारचं घर. आईला पाठवलेल्या मेलचा मात्र नव्हता.

मी विचारलं तर टाइप करून दाखवलं, "चहाचं काय रेकॉर्ड ठेवायचं?"

रोज संध्याकाळी ते मेल डिलीट करायचे. आणि दर रविवारी आंघोळ झाली की सगळे फोल्डर कॉम्पॅक्ट. कंपनीत एकदा मेलबॉक्स फुगून बंद पडला होता, तेव्हापासून ही सवय. त्यांनीच मला शिकवलेलं, डिलीट केलेला मेल लगेच जात नाही, नुसता दिसेनासा होतो. फोल्डर कॉम्पॅक्ट केला की मग कायमचा जातो.

ते गेल्यावर त्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला नाही. आईनं त्यावर चादर टाकून ठेवली.

गेल्या आठवड्यात सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "त्यासना एखादा मेल सापडी का वं?"

मी म्हटलं, "फोटो आहेत की एवढे."

"फोटोमा ते बोलतस का?"



रविवारी सकाळी मी आईकडे गेले. चादर काढली, कॉम्प्युटर चालू केला. मेल उघडला आणि लगेच समोर चौकट आली. फोल्डर कॉम्पॅक्ट करून जागा वाचवायची का? येस की नो?

आमच्या घरात या प्रश्नाला आजवर एकच उत्तर मिळालं होतं, येस. मी माउस दुसऱ्या उत्तरावर नेला.

नो.

आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. मग पाठवलेल्या मेलची फाइल उघडली. त्यात प्रत्येक मेलच्या डोक्यावर आकड्यांची एक ओळ असते. त्यातला एक आकडा बदलला की पुसलेला मेल परत दिसतो. हेही बाबांचंच शिक्षण.

दोन वर्षांतलं काही म्हणजे काही नव्हतं. बाबांची सफाई चोख.

पण त्या शेवटच्या आठवड्याचा रविवार त्यांना मिळालाच नाही. सोमवारपासूनचे मेल तिथंच होते.

मी कीबोर्डवर डोकं टेकून रडले.

आई कणीक मळत होती. म्हणाली, "मना हात भरेल शेतस. तू वाच." मी बाबांच्या खुर्चीतूनच मोठ्यानं वाचायला लागले.

"विषय: गॅस. वास येतोय, बघ."

किचनमधून आवाज आला, "देखस."

  मी पुढचा वाचला.

"विषय: पोंक. खाली हुरड्याची गाडी आली आहे. लिंबू-मिरी शेवही आणू का?"

"लई या. थोडीच."

"विषय: तुझा गुडघा. तेल लावलंस का?"

"लावं ना." मग हळू आवाजात, "नही लावं व्हतं."

असं करत करत शुक्रवार आला. त्या दिवसाचा एकच मेल होता, जेवणानंतरचा. तो तर डिलीटही झालेला नव्हता. संध्याकाळपर्यंत बाबा राहिलेच नव्हते.

"विषय: झोप. जरा पडतो. चारला उठव."

किचनमधून उत्तर आलं नाही.

चारला आई त्यांना उठवायला गेली होती. हाका मारून दमली, मग शेजाऱ्यांना बोलावलं, मग मला फोन केला. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती.

मी उठून आत गेले. आई परातीत हात तसेच ठेवून उभी होती आणि डोळ्यांतून धार लागलेली. मी जवळ गेले तर मान हलवली.

"आते नको हाक मारू," म्हणाली. "पडू दे त्यासले."

बाबा, निवांत झोपा. आईकडे मी बघते.