कुंदनला वसंतरावाचं काम हवं होतं

सुरतेच्या डिंडोली भागातल्या कुंदन पाटलाला साधं बोलणंही ओरडूनच यायचं. मिसरूड फुटायच्या वयात तो अमळनेरकडून सुरतेला आला आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, लागला. तिथल्या खडखडाटात शेजारच्या कारीगराला काही सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. तोच गळा घरीही राहिला. तो फोनवर बोलू लागला की बायको वैशाली दार लोटून घ्यायची.

नाटकाचं वेड मात्र गावापासूनचं. मराठी मंडळ यंदा विनोदी नाटक बसवतंय, निवडीला कोणीही यावं, असं कळताच रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो हॉलवर हजर झाला. नाटक होतं वसंतराव नावाच्या भाडेकरूचं. पाहुणे ठेवायला मनाई असताना या पठ्ठ्याने सासऱ्यांना माळ्यावर लपवलेलं, आणि घरमालक पलीकडच्या खोलीत झोपलेला. त्यामुळे वसंतरावाचं निम्मं बोलणं कुजबुजीतच.

कुंदनने कुजबुजायला सुरुवात केली आणि हॉल खदखदून हसला. नाटकाला नव्हे, त्याला.

नाटक बसवणाऱ्या अरुणाताई, निवृत्त शिक्षिका, हसू आवरत म्हणाल्या, "कुंदन, अरे, घरमालकच काय, अख्खी सोसायटी जागी झाली."

त्याच्यानंतर बँकेतल्या मंदारने तोच प्रवेश सफाईने वाचला. कुंदनला तेव्हाच निघून जाता आलं असतं. पण सगळे पांगेपर्यंत तो थांबला आणि ताईंना म्हणाला की मी पुढच्या रविवारी परत येतो. कामं तेव्हाच नक्की होणार होती. ताई म्हणाल्या, ये.

त्या दिवसापासून त्याने घरात हळू बोलायचा चंग बांधला. भाकरी मागितली ती हळू, पाणी मागितलं तेही हळू. वैशाली घाबरलीच.

"तुमनी तब्येत बरी शे ना?"

"बरी शे. नाटकसाठे हळू बोलाना सराव करी ऱ्हायनू."

आधी ती हसली. पण दोन-चार दिवसांत ती काम आटोपून त्याच्याजवळ बसू लागली. साडीला लेस लावता लावता माहेरचं, शेजारचं काहीबाही सांगू लागली. एका दुपारी खाली मान घालून म्हणाली, "लगीन व्हयनं तवयपासून माले वाटे, तुम्ही मन्हावर चिडेलच शेतस."

कुंदन तिच्यावर कधी चिडलाच नव्हता. पण आवाज ऐकणाऱ्याला ते कसं कळावं? त्या दुपारी तो पुष्कळ बोलला, आणि सगळं तिच्यापुरतं.

रविवारी वैशालीही सोबत आली, शेवटच्या रांगेत बसली. कुंदन उभा राहिला आणि इतकं हळू बोलला की पुढच्या रांगेतले लोक वाकून ऐकू लागले.

"आता तर आम्हालाही ऐकू येत नाही," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मंदारला खूण केली.

कुंदनचे कान तापले. पण तो जागचा हलला नाही. "ताई, अजून एकदा करतो," तो म्हणाला. ताईंनी मान डोलावली.

त्याने दूर बसलेल्या वैशालीकडे पाहिलं. तिला कळलं पाहिजे आणि पलीकडचा झोपलेला उठता कामा नये, एवढंच मनाशी धरलं. आवाज खालीच ठेवून एकेक शब्द दाबून, सुटा सुटा उच्चारत तो वर माळ्याकडे बघून म्हणाला, "मामंजी, खोकला आला तर उशी चावा. पण आमची चावू नका, तुमची चावा."

हॉलमध्ये हशा फुटला. या वेळी लोक वसंतरावाला हसत होते. मंदारही हसला. वैशालीने तोंडाला पदर लावला होता.

ताईंनी वसंतरावाचं काम कुंदनला दिलं आणि घरमालकाचं मंदारला. तालमी संध्याकाळी होत्या आणि कुंदनची पाळी नेमकी तेव्हाच. दुसऱ्या दिवशी त्याने खात्यात दुसऱ्या पाळीला असणाऱ्या मगनला गाठलं आणि प्रयोग होईपर्यंत पाळी बदलून मागितली. मगनने कबूल केलं, पण पहिल्या रांगेतली खुर्ची मिळणार असेल तरच.