पिवळ्या झाकणाची तिसरी बरणी

सरांच्या लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला पहिला महिना चवळी निवडावी लागते. मग तो कालच परीक्षा देऊन आलेला असो, नाहीतर चार देशांचं पाणी पिऊन आलेला. "मी इथं उत्क्रांतीवर संशोधन करायला आलोय," असं कुणी म्हणालाच, तर ताई त्याच्यापुढे ट्रे सरकवतात. "हो ना? मग ते इथूनच सुरू होतं. फुटका दाणा डावीकडे, भोकाचा उजवीकडे. आणि गप्पा नकोत."

ताई म्हणजे या लॅबच्या तंत्रज्ञ. तोंडावर ताई, पाठीमागे मुकादम. हे त्यांना ठाऊक आहे आणि, खोटं कशाला बोला, मनातून आवडतंही. स्वतः त्या पदवीच्या पुढे गेल्या नाहीत, पण एकवीस वर्षांत अकरा जणांना डॉक्टर करून त्यांनी बाहेर काढलंय. सही तेवढी सरांची असते.

लॅब म्हणजे एक लांबट, उबदार खोली. भिंतभर फळ्या, फळ्यांवर बरण्या, बरण्यांत चवळी आणि चवळीत भुंगे. घरात हेच भुंगे निघाले की लोक नाक मुरडून डबा उन्हात नेऊन ठेवतात. इथं त्यांचे जन्म-मृत्यू रोजच्या रोज लिहिले जातात. पांढऱ्या झाकणाखाली कुठल्याही मादीनं दाण्यांवर घातलेली अंडी पुढच्या पिढीसाठी घेतली जातात. पिवळ्या झाकणाच्या चार बरण्यांत मात्र फक्त म्हाताऱ्या माद्यांची. जी म्हातारपणापर्यंत टिकेल, तिचीच पोरंबाळं पुढे. महिन्याला एक पिढी, असं चौदा वर्षं चाललंय. आता पांढऱ्यातला भुंगा दहा दिवसांत आटोपतो आणि पिवळ्यातला सतराव्या दिवशीही ठणठणीत फिरत असतो. हे ऐकून ताईंचा नवरा म्हणाला होता, "मग माझ्यापुरतं एक पिवळं झाकण घेऊन ये की."

ताईंची शिकवण एकच. चूक झाली की त्याच मिनिटाला सांगायची. एकदा एका सहा फुटी गड्यानं सांडलेले दाणे गुपचूप बरणीत परत भरले. ताई ओरडल्या नाहीत. त्याच्यासाठी चहा मागवला, त्याला समोर बसवलं आणि इतकं गोड बोलल्या, इतकं गोड बोलल्या, की गडी तिथंच ढसाढसा रडला. तेव्हापासून कुणाच्या हातून एक दाणा जरी निसटला तरी खोलीत आरोळी उठते. पाहुण्यांना वाटतं, कुणाला विंचू चावला.

या लॅबमध्ये तीन वर्षं एक पोस्टडॉक होता. पोस्टडॉक म्हणजे पीएचडी होऊनही ज्याचं अजून कुठं बस्तान बसलेलं नाही असा माणूस. प्रश्न विचारला की तो आधी डोळे मिटायचा, म्हणून ताईंनी त्याचं नाव 'पंडित' ठेवलं होतं. बायको-मुलगी दुसऱ्या गावी, हा इथं भाड्याच्या खोलीत. वय छत्तीस. कायमच्या नोकरीची मुलाखत पंधरा दिवसांवर आली होती आणि तिथं दाखवायला त्याच्या हाती अखेर एक जबरदस्त गोष्ट लागली होती. पिवळ्या झाकणाच्या तिसऱ्या बरणीतले भुंगे गेल्या चार-पाच पिढ्यांत सतराऐवजी तेरा दिवसांतच मरायला लागले होते. चौदा वर्षांत कमावलेलं आयुष्य ती बरणी आपण होऊन गमावत होती! असं का व्हावं, यावर पंडितानं एक झकास सिद्धान्त मांडला. सर इतके खूश झाले, की त्यांनी चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी ताईंचा नवरा नवा शर्ट घालून आरशापुढे उभा राहिला.

"पांढरा शोभतो हो तुम्हाला," ताई म्हणाल्या.

"पांढरा? अगं, पिवळा आहे हा. तूच पसंत केलास ना दुकानात?"

"काहीतरीच काय!"

ताईंनी नवऱ्याला बाहीला धरून खिडकीपाशी नेलं. तिथंही त्यांना शर्ट पांढराच दिसला. त्यांनी शेजारणीला हाक मारली. शेजारीण म्हणाली, "छान आहे की पिवळा." ताईंच्या डोळ्यांपुढे लॅबमधली पांढरी आणि पिवळी झाकणं उभी राहिली. मोतीबिंदू पिकत चाललाय, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. पण ऑपरेशन केलं तर बरण्या कोण बघणार, म्हणून बाईंनी ते पुढे ढकललं होतं. हट्टीपणा नुसता.

"चूक झालीच असेल असं कुठं आहे?" नवरा म्हणाला. "नुसता संशय."

"म्हणूनच तर जड जातंय. खात्री असती तर सांगून मोकळी झाले असते." पंडिताच्या मुलीचा फोटो त्यांनी पाहिला होता. ही नोकरी लागली की तिघं एकत्र राहणार होते. तो दिवसभर त्यांना घास गोड लागला नाही.

सोमवारी सकाळच्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं. डोळ्यांचं, शर्टाचं, सगळं. पांढऱ्यातले अंडी असलेले दाणे तिसऱ्या पिवळ्या बरणीत गेले असतील, म्हणूनही तिथलं आयुष्य घटलं असेल. सर हसायला लागले. "ताई, तुम्ही आणि चूक? उद्या सूर्य पश्चिमेला उगवायचा!"

पंडितानं सुटकेचा निःश्वास टाकला. "उगाच मनाला लावून घेता तुम्ही. शर्टावरून कधी निष्कर्ष काढतात का?"

सगळे हसले. आणि ताईंना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आपण सांगितलं, कुणी मानलं नाही, यापुढे आपण काय करणार? त्यांनी चहाचा कप उचलला.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक हात वर झाला. हात नव्या मुलीचा होता. सहा-सात महिन्यांपूर्वी पीएचडीला आलेली ही पोरगी इतकी अबोल, की ताई तिला हजेरी घेतल्यासारखं रोज विचारायच्या, "आहेस ना गं?" तिनं वही उघडली आणि पुटपुटत वाचलं.

"चौदा मार्च. 'ताईंनी पांढऱ्या दोनमधले मूठभर दाणे पिवळ्या तीनमध्ये घातले. कारण समजलं नाही. बहुधा पद्धत असावी. नंतर विचारणे.'"

"मग विचारलं का नाहीस?" सरांनी विचारलं.

"ताई चुकतील असं वाटलंच नाही, सर. वाटलं, मलाच कळत नाहीये." तिचा आवाज आता रडवेला झाला होता. "म्हणून पुढच्या महिन्यात... मीपण तसंच केलं. एकदाच. ताईंनी घेतली होती तेवढीच मूठ."

एरवी या उत्तरावर लॅब आठवडाभर हसली असती. पण पंडिताचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला.

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हिला कुणी एक शब्द बोलायचा नाही," त्या म्हणाल्या. "पोरीनं माझं बघून केलं. एकवीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना स्वतःच्या चुका बोलून दाखवायला लावल्या. माझी चूक दाखवायची हिंमत मात्र एकालाही होऊ दिली नाही. अशी कसली मी शिकवणारी?"

दहा मिनिटांनी दार उघडलं. पंडित लॅपटॉप घेऊन आला होता. तोंड धुतल्यामुळे त्याचे केस पुढून ओले झाले होते. त्यानं नव्या मुलीशेजारी खुर्ची ओढली.

"चौदा मार्च. आणि तू घातलेस ती तारीख?"

"बारा एप्रिल."

"म्हणजे चौदा मार्चच्या आधीचं तेवढं खरं धरायचं." त्यानं मुलाखतीच्या भाषणातली चित्रं एकामागून एक खोडायला सुरुवात केली. बरीच गेली. अर्ध्याहून जास्त. मग मान वर न करताच तो म्हणाला, "ताई, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ आजच घ्या. आणि तोवर तुम्ही बरण्या उघडाल तेव्हा मी शेजारी उभा राहणार. चुकलात की ओरडणार."

"ओरड," ताई म्हणाल्या, आणि सगळ्यांसमोर पदर तोंडाला लावून रडल्या.