वाळूवरच्या शर्यतीची तारीख

सुरुवातीलाच माफी मागतो. लोकांनी वाचावं असं माझ्याकडे काही आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. आईला सही येते, वडील वर्तमानपत्राचे मथळे वाचतात. त्यामुळे लिहायचं काम लहानपणापासून माझ्याकडे आलं. घरचे अर्ज, शेजाऱ्यांचे अर्ज, मंडळाची पाटी आणि मागच्या हिवाळ्यात शाळेचं एक पान. ते पान मी लिहिलं होतं म्हणून कोणी तपासलं नाही. हे लिहितानाही ती भीती आहेच.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. किहीमच्या खाली, अलिबागच्याही बरंच पुढे जो किनारा जातो, त्यावर आमचं गाव आहे. शाळेला तीन खोल्या आहेत, पुढे ओटा, मागे नारळाची वाडी. मैदान नाही. मैदान म्हणून आम्ही वाळू वापरतो, आणि ती दिवसाकाठी दोनदा पाण्याखाली जाते.

शाळेचं वर्ष सगळीकडे असतं तसंच. जूनमध्ये नवीन मुलांना फुगे लावलेल्या टेम्पोतून गावभर फिरवून आणायचं. लावणीच्या दिवसांत हजेरी निम्म्यावर यायची, तेव्हा मोठ्या बाई रागवायच्या नाहीत. उरलेल्या मुलांना घेऊन त्या कोणाच्या तरी खाचरात जायच्या आणि आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी कशी बांधतात ते आम्हीच त्यांना दाखवायचो. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या घाटावरच्या. इथे येऊन त्यांना वीस वर्षं झाली तरी बांधावरून चालताना त्या अजून हात पसरतात. गणपतीत शाळा आपोआप बंद. जानेवारीत आयांचं हळदीकुंकू, त्यात लिंबू-चमचा. आणि हळदीकुंकवाच्या आधी, थंडी पडली की, केंद्राच्या शर्यती.

केंद्र म्हणजे आसपासच्या सात शाळा. वर्षातून एकदा त्या एकत्र येऊन खेळतात. इतर सहा शाळा आतल्या, भातशेतीच्या गावांतल्या, पण दोनशे मीटर सरळ पळायला जागा कोणाकडेच नाही. म्हणून शर्यती नेहमी आमच्या वाळूवर.

त्यांची तारीख ठरवायची एक पद्धत होती. शाळेच्या समितीत एक आजोबा होते, जन्मभर होडीवर गेलेले. बाई त्यांना विचारायच्या, मग आजोबा चौथीतल्या एखाद्या मुलाला फळ्यापाशी उभं करायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी भरणार, दुपारी बाराला पार ओसरलेलं. त्यासाठी आमच्या शाळेत अजून पाऊणकी, पाऊणाचा पाढा, पाठ करून घेत. पुस्तकातून ती केव्हाच गेली आहे. साडेआठला मुलं जमणार, पाणी मागे जात राहणार, अकराला अंतिम फेऱ्या तेव्हा वाळू नांगरलेल्या शेताएवढी रुंद. शर्यती कायम अष्टमीच्या आसपास असत. का, ते कोणाला सांगावं लागत नसे.

आठवीला मी खाडीपलीकडच्या हायस्कूलला गेलो. वडिलांनी जुनी सायकल आणून दिली, सहा किलोमीटर जाऊन-येऊन. आता मी अलिबागला दुसऱ्या वर्षाला आहे. भूगोल हा विषय घेतला आहे. हे सांगायला संकोच वाटतो, कारण उधाणाच्या भरतीवर मी परीक्षेत दीड पान लिहिलं आहे आणि मला त्याचे चांगले गुण मिळाले आहेत.

मागच्या हिवाळ्यात बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "या वर्षी कार्यक्रमपत्रिका नीट छापू. तू टाइप करून दे. सगळ्या शाळांना एकसारखी जाऊ दे." आजोबांनी तारीख दिली, शनिवार, अष्टमी. मी सगळ्या वेळा घालून पान तयार केलं. तळाशी बाईंनी माझं नाव घालायला लावलं, "संयोजन साहाय्य" म्हणून. आईने ते पान देव्हाऱ्यापाशी ठेवलं होतं.

चार दिवस आधी केंद्रप्रमुखांचा फोन आला. त्यांना त्या शनिवारी प्रशिक्षण लागलं होतं. शर्यती एक आठवडा पुढे. बाईंनी मला कळवलं, मी कॉलेजच्या बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा राहून फाइल उघडली, तारीख बदलली आणि प्रती काढल्या. वेळा तशाच राहिल्या. पुढचा शनिवार पौर्णिमेचा होता.

एवढंच झालं. आमच्या किनाऱ्यावर सहा-सात वर्षांच्या मुलालाही कळतं की आठवड्याने पाणी उलटं होतं. पंधरा पाऊण सव्वाअकरा. पत्रिकेत अंतिम फेऱ्यांची वेळ अकरा होती.

या शर्यतींवर एका मुलीचं बरंच काही अवलंबून होतं. ती सातवीत होती, आमच्या घरापासून चौथं घर. वडील नाहीत. आई किनाऱ्यावरच्या कॉटेजांमध्ये काम करते, चादरी धुणं, पर्यटकांसाठी भाकऱ्या करणं. मुलगी पळायची फार. शाळेत सांगितलेली वस्तू आणायला ती चालत गेली असं मी कधी पाहिलं नाही. केंद्रात पहिली आली की तालुका, तालुक्यातून जिल्हा, आणि जिल्ह्यात नंबर लागला तर खेळाडू मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळते. तिथे राहणं, खाणं, शाळा, सगळं. पालकसभेत बाईंनी हे सांगितलं तेव्हा तिची आई मागून म्हणाली होती, "नंबर आला तर घाला तिला तिथं. न्हाय आला तर सातवी झाली ती पुरे. हायस्कूलला एकटी पोर खाडीवरनं कोण धाडतंय? माझ्यासंगं कामाला येईल." तिच्या आवाजात कसलीही तक्रार नव्हती. मी तिथेच होतो, चहा वाटत.

शनिवारी साडेआठला मी वाळूवर गेलो तर मैदान बरोबर दिसत होतं. अष्टमीला साडेआठला जेवढी वाळू उघडी असते तेवढीच होती. फरक एवढाच की अष्टमीला पाणी त्या रेषेवरून मागे जात असतं आणि आज ते पुढे येत होतं. हे पाहायचं तर दहा मिनिटं एका जागी उभं राहावं लागतं. मी माइक जोडत होतो.

आजोबा सुरूच्या झाडाखाली बसले होते. मी नमस्कार केला. ते पायाने वाळू उकरत म्हणाले, "कोरडी हाय रं वरून."

मी म्हणालो, "बरं आहे ना आजोबा, मुलं घसरणार नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग समुद्राकडे. ओसरत्या पाण्यामागची वाळू ओली असते, हे मला नंतर आठवलं.

फक्कीच्या पट्ट्या आखल्या होत्या. झेंडा झाला, शपथ झाली, केंद्रप्रमुखांचं भाषण झालं. मुलींच्या दोनशे मीटरच्या दोन प्राथमिक फेऱ्या सव्वानऊला झाल्या. पहिल्या फेरीत आतल्या गावातली एक मुलगी पहिली आली. दुसऱ्या फेरीत आमची ती मुलगी पहिली आली, मागची मुलगी बऱ्याच अंतरावर होती. घड्याळ कोणी लावलं नव्हतं, प्राथमिक फेरीला आम्ही लावत नाही. आतल्या गावातल्या एका शाळेचे गुरुजी बाईंना म्हणाले, "ही तुमची काय खाते हो?" बाई म्हणाल्या, "बोंबील." सगळे हसले.

पावणेदहाला पहिल्या लाटेने सर्वांत बाहेरची पट्टी पुसली. मुलांना मजा वाटली. दहाला तीन पट्ट्या गेल्या. लांब उडीचा खड्डा भरला आणि त्यात दुसरीची मुलं बसली. केंद्रप्रमुख बूट हातात घेऊन मागे सरकले. साडेदहाला सातही शाळा सुरूच्या बनात उभ्या होत्या आणि समोर मैदान नव्हतं.

मग सगळे बोलू लागले.

"अरे, पुनव हाय आज! पुनवेला कोण वाळूवर शर्यती घेतो?"

"कॉलेजवाल्यानं समुद्राला पत्रिका धाडली न्हाय वाटतं."

"धाडली असंल. त्यानं सही न्हाय केली."

मी आजोबांकडे गेलो. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"कागदावर तू लिवलं होतंस ना बाबू. छापलेलं." ते थोडं थांबले. "मला वाटलं, काही बघूनच लिवलं असंल. तुमच्यात नवीन काही निघालं असंल."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. मारला असता तर मला बरं वाटलं असतं. नंतर कळलं की अर्ध्या गावाने पत्रिका वाचली होती, माझ्या वडिलांनीसुद्धा, आणि प्रत्येकाला तेच वाटलं होतं.

कबड्डी आणि लंगडी देवळाच्या आवारात झाली. पळायला जागा नव्हती. बनात मुळं वर आलेली, रस्त्यावर शनिवारच्या पर्यटकांच्या गाड्या. पुन्हा पुरेशी वाळू उघडायला दोन वाजणार होते आणि आतल्या शाळांचे टेम्पो एकला परत जाणार होते. मी केंद्रप्रमुखांना म्हणालो, "सर, आमची एक आणि त्यांची एक, दोघींनाच दोनला पळवू. त्यांच्या मुलीला मी घरी सोडायला जाईन."

ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "दोघींना पळवलं तर बाकीच्या पोरी काय म्हणतील? त्यांचाही अंतिम फेरीचा हक्क आहे. आणि नावं मला आज तालुक्याला द्यायची आहेत." मग दोन्ही फेऱ्यांत पहिल्या आलेल्या दोघींच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. चिठ्ठ्यांवर नावं मी लिहिली, माझं अक्षर चांगलं म्हणून. पहिलीतल्या एका मुलीने एक उचलली. नाव दुसऱ्या मुलीचं निघालं.

आमची मुलगी रडली नाही. तिने चिठ्ठी मागून घेतली, वाचली आणि परत दिली. तिची आई तेवढ्यापुरती कामावरून आली होती, हात साबणाने पांढरे. तिने मुलीला विचारलं, "झालं?" मुलगी म्हणाली, "झालं." मग दोघी कॉटेजांच्या बाजूला गेल्या.

बाईंनी मला दोष दिला नाही. दोष आपला दोघांचा आहे, मीही पाहायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. मी मुलीच्या घरी जाऊन माफी मागायला हवी होती. रविवारी मी निघालोही, तिसऱ्या घरापर्यंत गेलो आणि परत आलो. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. संध्याकाळच्या गाडीने अलिबागला गेलो.

त्यानंतर मी होळीला एक दिवस घरी गेलो आणि मेमध्ये चार दिवस. मेमध्ये ती मला दिसली. आईच्या मागे डोक्यावर ओल्या चादरींचं बोचकं घेऊन कॉटेजांच्या वाटेने चालत होती. चालत होती, पळत नव्हती. मी वाडीच्या कुंपणाशी थांबलो, ती पुढे गेल्यावर बाहेर आलो. घरात कोणाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. बाईंनी नेहमीप्रमाणे फुगे लावलेल्या टेम्पोचा फोटो पाठवला. त्यात ती असायचं कारण नव्हतं, ती सातवी पास झालेली. तरी मी फोटो मोठा करून पाहिला.

जुलैमध्ये, लावणी सुरू असताना, मी आईला फोन केला. दोन दिवस रजा काढून येऊ का, असं विचारायला. ती शेतातून नुकतीच आली होती.

"नको येऊस. माणसं मिळाली हायत," ती म्हणाली. "तुझी परीक्षा बघ." मग म्हणाली, "आणि बाबू, तुझी सायकल मी देऊन टाकली. रागवू नको. पडवीत गंजतच पडली होती."

मी विचारलं, "कोणाला?"

तिने चौथ्या घराचं नाव घेतलं. "पोरीची आई आली होती मागायला. पोर ऐकंच ना म्हणे. दोन दिवस जेवली न्हाय. मग मोठ्या बाई स्वतः गेल्या हायस्कूलला तिचं नाव घालायला. आठवीत बसली ती. तुला सांगितलं न्हाय का मी? महिना झाला."

मी म्हणालो, "नाही सांगितलंस."

"राहिलं असंल. तू कधी विचारलं न्हायस."

मागे वडील काहीतरी म्हणाले. आई हसली.

"तिला चालवता येत न्हाय अजून," ती म्हणाली. "सकाळी बघते ना मी. दप्तर कॅरियरला बांधते, हँडल धरते आणि सायकलीच्या बाजूनं पळत जाते. खाडीच्या पुलापर्यंत दिसते, मग न्हाय दिसत."